पसंतीचा रकाना

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातम्या येतात त्या साधारण अशा. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. विहिरीवरची मोटर पुन्हा जळाली. चुलतबहिणीला बारावीला अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले, पण कोणी विषय काढू नका. गेल्या जूनमध्ये या सगळ्याच्या मध्येच दादाचा मेसेज आला : "आम्ही दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय. कागदपत्रं जमवतोय. फॉर्म धाकटा भरणार आहे."

धाकटा म्हणजे मी. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे सातबारा काढण्यापासून रेल्वेच्या तत्काळ तिकिटापर्यंत घरातलं ऑनलाइन म्हणून जे काही असतं ते माझ्याकडे येतं. हेही आलं.

ग्रुपवर पाच मिनिटं शांतता होती. मग हात जोडलेले इमोजी सुरू झाले. "फार पुण्याचं काम." "एका जिवाचं कल्याण होईल." "याला मन मोठं लागतं." रात्री वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे पुण्य-पुण्य काय लावलंय सगळ्यांनी? मला मूल हवंय. तुमच्या आत्याला दोन मुलं झाली तेव्हा कोणी म्हणालं का, की पुण्य केलंस?"

मी हसलो. पण वहिनींचा मुद्दा खरा होता आणि तो पुढे आम्हाला फार उपयोगी पडला.

*

एका शनिवारी साताऱ्याला घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर दादा-वहिनी, बाजूला मेथी निवडत बसलेली आई. भारतात मूल दत्तक घ्यायचं तर केंद्र सरकारच्या 'कारा' या संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पॅन कार्ड, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फोटो. हे सगळं मी सराईतपणे भरत गेलो. मग पसंतीचा भाग आला.

मुलगा, मुलगी, की काहीही चालेल?

माझा हात थांबला. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर लावलेली पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली असते : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. 1994च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. पोटातल्या बाळाबद्दल जे जाणून घेणं गुन्हा, तेच इथे सरकारी फॉर्म अदबीनं विचारत होता. दोन्हींतला फरक मला कळतो. तिथे उत्तरावर एक जीव जाऊ शकतो, इथे तसं काही नाही. तरी बोटं थोडी अडखळलीच.

आई म्हणाली, "मुलगी घ्या. मुली माया लावतात." आई यात एकटी नाही. देशात दरवर्षी दत्तक जाणाऱ्या मुलांत मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा जास्त असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. मुलींना नाकारणारा म्हणून ज्या देशाची बदनामी आहे, तिथले लोक मुलगी मागून घेतात! पण तेवढ्यात हॉलमधून बाबांचा आवाज आला, "बरोबर आहे. मुलगा म्हटलं की उद्या जमिनीच्या वाटणीचं निघतं."

कोणी काही बोललं नाही. मग दादा म्हणाला, "बाबा, 2005पासून मुलीचाही तेवढाच हक्क आहे." बाबांनी पेपरचं पान उलटलं.

म्हणजे मुलगी हवी यामागे माया होती, आणि ती शेवटी दुसऱ्या घरी जाणार हा जुना हिशेबही होता. उत्तर पुरोगामी, कारण पारंपरिक. वहिनी म्हणाल्या, "काहीही चालेल, असं करा." मी तसं केलं.

*

दत्तक हा विषय आपल्याकडे नवा नाही. आमच्या साताऱ्याचं तर राज्यच त्यावरून गेलं. 1848 साली छत्रपती आप्पासाहेबांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला, डलहौसीनं तो मान्य केला नाही आणि सातारा खालसा झालं. पुढे 1875मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. 1884मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. सयाजीरावांची गोष्ट लहानपणी आम्हाला कौतुकानं सांगितली जायची. काही मुलांना बडोद्याला नेलं, कशाला आलात म्हणून विचारलं आणि गोपाळ म्हणाला, राज्य करायला. गोष्ट खरी किती, कोण जाणे. पण ती मुलाखतीची गोष्ट आहे. गादीला वारस हवा होता आणि मुलं उमेदवार होती.

त्याच काळात पुण्यात दुसरंही घडलं होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेला 1874मध्ये मुलगा झाला, तो त्यांनी स्वतःचा म्हणून वाढवला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897च्या प्लेगमध्ये आई-मुलानं मिळून रोग्यांची सेवा केली आणि सावित्रीबाई त्यातच गेल्या. इथे निवड नव्हती. मूल दारात होतं, ते घरात घेतलं.

आजचा कायदा कागदावर तरी फुल्यांच्या बाजूचा आहे. मुलाचं हित सर्वांत आधी, हे त्याचं मूळ तत्त्व. म्हणजे घराला मूल शोधायचं नाही, मुलाला घर शोधायचं. पण पसंतीचा रकाना भरताना मात्र मी कुठल्यातरी गादीचा कारभारी असल्यासारखा बसलो होतो.

*

पुढचा रकाना वयाचा होता. खरं तर तो मी केव्हाच भरून टाकला होता. शून्य ते दोन वर्षं. कोणाला विचारलंही नव्हतं.

माझ्या कामात 'डीफॉल्ट' नावाची गोष्ट असते. वापरणाऱ्यानं काही निवडलं नाही तर सिस्टिम स्वतःहून जे धरून चालते ते. आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं की सगळ्यात मोठे निर्णय डीफॉल्टमध्ये लपलेले असतात, कारण तिथे आपण निर्णय घेतला असं कोणाला वाटतच नाही. त्या दिवशी कळलं की माझ्याही डोक्यात एक डीफॉल्ट होता.

वहिनींनी विचारलं, "शून्य ते दोनच का?"

"लहान असलं की लवकर रुळतं. आधीचं काही आठवत नाही. आपलंच वाटतं."

वहिनी जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते मूल पंधरा-सोळा वर्षांचं होईल. आम्ही त्याच्यापासून काही लपवणार नाही. एक दिवस ते तुम्हालाच विचारेल, काका, माझा फॉर्म तुम्ही भरला होता ना? काय काय भरलं होतं? तेव्हा हेच सांगाल? की तुला आधीचं काही आठवू नये, म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या एका प्रश्नानं टेबलावरचं सगळं बदललं. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली आणि प्रत्येक उत्तराला तोच प्रश्न लावला : हे कारण त्या मुलाच्या तोंडावर सांगता येईल का?

मुलगी हवी, कारण वाटणीचा प्रश्न येणार नाही. नाही सांगता येणार. मूल कुठल्या जातीचं हवं असा रकाना फॉर्मवर नव्हताच. पण "कोणाचं असेल, कळणार कसं?" असं चुलतआजी फोनवर बोलून गेली होती. तेही नाही सांगता येणार.

मग तब्येतीचा रकाना आला. विशेष गरजा असलेलं मूल चालेल का? इथे घरात सगळ्यात जास्त शांतता झाली. वहिनी बँकेत नोकरी करतात. त्यांचे वडील पक्षाघातानंतर तीन वर्षं आमच्याच घरी आहेत. त्यांना उठवणं, भरवणं, रात्री कूस बदलणं हे सगळं दादा-वहिनी करतात. वहिनी म्हणाल्या, "मला माहितीये हे काय असतं. म्हणूनच नाही म्हणते. अजून एका माणसाचं इतकं करायची ताकद आत्ता माझ्यात नाही. हे मी कोणालाही सांगू शकते."

रकान्यात 'नाही' भरलं. दादाचे डोळे भरून आले होते. आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

तेव्हा मला एक फरक दिसला. काही उत्तरं आपल्या आवडीची असतात, काही भीतीची आणि काही कुवतीची. फॉर्मवर तिन्ही सारखीच दिसतात. कुवतीचं कारण मोठ्यानं सांगता येतं, सांगताना त्रास झाला तरी. आठवणी नसलेलं मूल हवं, हे कारण भीतीचं होतं. त्या मुलाला आपल्या आधी एक आयुष्य होतं, त्यात कोणीतरी होतं, हे आम्हाला नको होतं. पण दोन महिन्यांच्या बाळालाही आपल्याआधीचं आयुष्य असतंच, फक्त त्याला ते सांगता येत नाही. आमची सोय तेवढ्यावर चालली होती.

वहिनींनी माझ्या हातातून माउस घेतला आणि शून्य ते दोनच्या जागी दोन ते चार केलं.

*

गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. पुण्याला परत येताना बसमध्ये मला दुसरंच छळत होतं.

डेटाबेसमधून माहिती मागवताना आपण अट घालतो. अटीत बसणाऱ्या ओळी समोर येतात. जे बसत नाही ते तिथेच असतं, फक्त आपल्याला दिसत नाही. वहिनींचा प्रश्न चांगलाच आहे, पण तो येणाऱ्या मुलापुरता आहे. जे मूल आमच्या 'नाही'मुळे आमच्यापर्यंत येणारच नाही, ते मला कधी 'काका' म्हणून काही विचारणार नाही. त्याला कोणी उत्तर द्यायचं?

ज्यांना मूल होतं त्यांच्यापुढे हा प्रश्न नसतो. न जन्मलेलं मूल कुठे वाट बघत बसलेलं नसतं. इथे मात्र तीस हजारांहून जास्त पालक रांगेत आहेत, लहान बाळासाठी तीन-तीन वर्षं थांबतात, आणि त्याच वेळी मोठी मुलं, आजारी मुलं संस्थांमध्ये पालकांची वाट बघत असतात. टंचाई मुलांची नाही, पसंतीत बसणाऱ्या मुलांची आहे. आमचं 'नाही' त्यातलंच एक आहे.

मी दादाला फोन करून हे बोललो. तो म्हणाला, "मग काय, हो म्हणायला हवं होतं?"

यावर मी बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, नाही. दत्तक घेतलेली मुलं परत संस्थेत सोडली गेल्याची उदाहरणं आहेत. कायद्याच्या नियमांत त्यासाठी वेगळे शब्दच आहेत. पुण्याच्या भरात हो म्हणायचं आणि मग झेपलं नाही, तर किंमत मूल मोजतं. एकदा सोडलं गेलेलं मूल दुसऱ्यांदा सोडलं जातं. वहिनींना ग्रुपवरच्या त्या शब्दाचा राग का आला होता, हे मला तेव्हा नीट कळलं. पुण्य करणारा स्वतःकडे बघत असतो. त्याला आपली कुवत मोजायचं भान राहत नाही.

तरी 'झेपणार नाही' म्हणून सगळं मिटत नाही. कुवत हा शब्दही सोयीचा आहे. वहिनींनी ती स्वतःच्या वडिलांची कूस बदलत मोजली होती, म्हणून त्यांच्या 'नाही'वर माझा विश्वास आहे. मी मात्र एक क्षणही न मोजता शून्य ते दोन भरलं होतं. दोघांनी भरलेल्या रकान्यांत स्क्रीनवर काहीच फरक दिसत नाही. नाकारण्यात दर वेळी गुन्हा असतो असं मला वाटत नाही. पण कोणाला नाकारतोय हे न बघता नाकारणं, त्याबद्दल मात्र मला स्वतःची लाज वाटली. त्या न दिसणाऱ्या मुलांना माझ्याकडे उत्तर नाही. ती तिथे आहेत एवढं विसरायचं नाही, इतकंच मला जमतं, आणि ते पुरेसं नाही हेही कळतं.

*

आता गृहभेट झाली आहे. समाजसेविका बाईंनी सगळं घर पाहिलं, वहिनींच्या वडिलांशीही बोलल्या. बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बाबा म्हणाले, "मुलगा येवो की मुलगी, त्याच्या वाटणीचं मी बघतो." हे कधी बदललं, आम्हाला कोणालाच माहीत नाही.

आमची पाळी येईल तेव्हा मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसेल आणि हो म्हणायला अठ्ठेचाळीस तास मिळतील. वहिनींनी मला आत्ताच बजावून ठेवलंय, "आधी अहवाल डॉक्टरांना दाखवायचा. फोटो मी शेवटी बघणार." फोटो बघून मूल पसंत करायला लागू नये, म्हणून.

परवा ग्रुपवर आईचा मेसेज होता. विहिरीची मोटर दुरुस्त झाली. खाली लिहिलं होतं : "दुपट्यासाठी काढलेल्या जुन्या साड्या पुरणार नाहीत. दोन ते चार वर्षांच्या पोराला मोठी गोधडी लागेल. कोणाकडे मऊ सुती नऊवारी असेल तर पाठवा."

आत्यानं लगेच दोन पाठवते म्हणून कळवलं. या वेळी हात जोडलेले इमोजी कोणी टाकले नाहीत.