जबालेचे उत्तर

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आपण सत्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगतो. पण ती आधी एका आईची कथा आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गुरुगृही ब्रह्मचर्य पाळावयास निघालेला कुमार आपले गोत्र विचारतो, तेव्हा जबाला आडपडदा न ठेवता सांगते की, तारुण्यात मी अनेकांची परिचर्या करीत फिरत असता तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, तू माझेच नाव लाव. मुलगा हेच हारिद्रुमत गौतमांना जसेच्या तसे निवेदन करतो, आणि हा सत्यापासून ढळला नाही म्हणून ते त्याचे उपनयन करावयास सिद्ध होतात. ज्या परंपरेत एका ब्रह्मचाऱ्याची वाट आईच्या अशा निःसंकोच बोलण्याने मोकळी झाली, तिच्याच नावाने मुलांशी शरीराविषयी अबोला धरणे आणि त्याला मर्यादा म्हणणे मला सुसंगत वाटत नाही.

त्या अबोल्याची किंमत मुले भरतात. झोपेत वीर्यस्खलन झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला, हा निसर्गक्रम आहे, एवढे एक वाक्य घरात कोणी ऐकवत नाही. मग भिंतीवर रंगविलेली गुप्तरोगाची जाहिरात त्याची गुरू होते, आणि ‘धातू जातो’ या धास्तीने तो चोरून चूर्णे घेऊ लागतो. मुलीला पहिली पाळी आली की लोणच्याला शिवू नको, देवघरात जाऊ नको, हे त्याच दिवशी कळते. गर्भाशयाचे अस्तर महिन्याच्या महिन्याला का गळते, हे मात्र कळत नाही. विटाळावाचून देह उपजतच नाही, हे चोखोबांच्या सोयराबाईंनी विठ्ठलासमोर स्वच्छ सांगितले, त्यालाही आता शतके लोटली.

माहितीने वासना चाळवते, हा आक्षेप जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेच्या फिर्यादी झाल्या. १९३४ च्या खटल्यात तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच गुन्हा ठरला, आणि डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही दंड टळला नाही. विचारणाऱ्याला मुभा नाही आणि सांगणाऱ्याला शिक्षा, अशा व्यवस्थेत संयम तरी कशाच्या आधारावर शिकवावयाचा? संयम म्हणजे जाणून केलेली निवड. जे ठाऊकच नाही, त्याचा निग्रह कोणी कसा करावा?

लज्जा हा सद्गुण आहे, हे मी मनापासून मानतो. परंतु आपल्या अवयवांची नावे उच्चारण्याचीही जिला चोरी, त्या मुलीच्या अंगाला कोणी नको तेथे हात लावला, तर ती आईपुढे काय सांगणार? म्हणून मुलाचा आवाज फुटण्याची वा मुलीला पाळी येण्याची वाट न पाहता, नवव्या-दहाव्या वर्षीच आईबापांनी, दोघांनीही, हा विषय स्वतःहून काढावा. पहिल्या खेपेस जीभ अडखळेल. तरी बोलावे, आणि मुलाने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तर हातातले काम बाजूला ठेवून उत्तर द्यावे.