वळणदार अक्षर

शोकांतिका लिहिणाऱ्यांना समुद्र फार सोयीचा. रंगभूमीवर तो मावत नाही. म्हणून माणसे आपल्या नजरेआड जहाजात बसतात आणि परततात ती पालटून. शेक्सपियरचे ‘ऑथेल्लो’च पाहा. व्हेनिसहून सायप्रसला जाताना नवरा एका जहाजात, नवपरिणीत बायको दुसऱ्यात, आणि तीही इयागोच्या हवाली! वादळात तुर्कांचे आरमार नष्ट होते. लढाई उरत नाही. उरतो संसार, आणि इयागो.

पण मला छळतो तो हॅम्लेटचा प्रवास. आगरकरांनी 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेला हा राजपुत्र विचारातच गुरफटलेला. पडद्याआडच्या पोलोनियसवर त्याने तलवार चालवली खरी, पण ती आवेगात, न पाहता. जहाजावरची गोष्ट निराळी. रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डेनस्टर्न हे बाळपणचे सोबती त्याला इंग्लंडला नेत असतात. रात्री झोप येईना, म्हणून तो अंधारात चाचपडत त्यांच्याजवळचा राजाचा खलिता लांबवतो, फोडतो. आत स्वतःच्याच शिरच्छेदाची आज्ञा! मग तो नवा खलिता लिहितो : हा आणणाऱ्या दोघांना तत्काळ मारावे, पापनिवेदनालाही वेळ देऊ नये. वर बापाच्या मुद्रेचा शिक्का.

सुबक अक्षर काढणे आपल्याला एके काळी हलकेपणाचे वाटे, त्या रात्री मात्र तेच कामी आले, असे तो होरेशिओला सांगतो. मुलांची अक्षरे घोटून घेण्यात माझा जन्म चालला आहे. या जागी मी दर वेळी थबकतो.

त्या दोघांना खलित्यातला मजकूर ठाऊक होता काय? नाटक सांगत नाही, आणि हॅम्लेटही विचारत नाही. खलिता समुद्रात फेकून देता आला असता. दुसऱ्याच दिवशी चाचे येतात, हॅम्लेट एकटा त्यांच्या जहाजावर सापडतो आणि सुटून घरी येतो. ते दोघे पुढेच जात राहतात. त्यांनी हौसेने हे काम पत्करले, माझ्या मनाला त्याची टोचणी नाही, असे त्याचे म्हणणे. पण राजाने बोलावल्यावर ‘नाही’ म्हणणारे आपल्यात तरी कितीजण निघतील? परतलेला हॅम्लेट शांत असतो, आणि त्याच्या शांतपणाने आपल्यालाही बरे वाटते. मला तर तो शांतपणा दोन जिवांच्या मोलाने घेतलेला वाटतो.

शेवटच्या प्रवेशात इंग्लंडचे वकील दोघांच्या मरणाची वार्ता घेऊन येतात. ऐकायला राजा नाही, हॅम्लेटही नाही. होरेशिओ एवढेच म्हणतो की, राजाने तशी आज्ञा कधी दिलीच नव्हती. कुणी दिली होती, ते तो त्या क्षणी सांगत नाही.