तसबिरीवरचा अधिकार

माणसाची तसबीर काढणे हा वरकरणी प्रकाशाचा आणि भिंगाचा मामला असला, तरी ती कोणाच्या मर्जीने काढली गेली आणि अखेरीस कोणाच्या दफ्तरी जमा झाली, हे प्रश्न तिच्या पाठीशी सदैव उभे असतात. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून बर्मिंगहॅम शहरात येऊन वसलेल्या लोकांच्या छायाचित्रांचा इतिहास म्हणजे या प्रश्नांची उत्तरे कसकशी बदलत गेली, याचाच इतिहास होय.

1948 च्या कायद्याने वसाहतींतील रयतेला ब्रिटनचे नागरिकत्व मिळाले, रुग्णालयांना, कारखान्यांना आणि बसगाड्यांना माणसे हवीच होती, आणि जमैका-बार्बाडोसची तरुण मंडळी बोटींनी येऊन दाखल झाली. सचित्र साप्ताहिकांनी त्यांची छायाचित्रे छापली. 'पिक्चर पोस्ट'ने 1949 साली वर्णभेदाविषयी सवाल करणारा लेख प्रसिद्ध केला, त्यासाठी बर्ट हार्डी यांनी टिपलेल्या चित्रांत अनुकंपा निःसंशय होती; परंतु त्या चित्रांतील माणूस वाचकापुढे येई तो एका सामाजिक समस्येचा दाखला म्हणून, आणि आपण कसे दिसावे याविषयी त्याचा स्वतःचा अभिप्राय कोणी विचारीत नसे.

तो अभिप्राय प्रथम उमटला तो बॉल्सॉल हीथ या वस्तीतील अर्नेस्ट डाइच यांच्या स्टुडिओत. पूर्वी नाट्यगृहांतील कलावंतांच्या तसबिरी काढणाऱ्या या पेढीकडे, रंगभूमीचा तो व्यवसाय ओसरल्यावर, कॅरिबियन बेटांतून आणि हिंदुस्थान-पाकिस्तानातून आलेली मंडळी येऊ लागली. कोणी परिचारिकेच्या कडक इस्त्रीच्या गणवेशात, कोणी नव्या सुटात, कोणी हाती पुस्तक घेऊन उभे राही, आणि ती तसबीर टपालाने मायदेशी रवाना होई. असल्या चित्रांना कृत्रिम म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु जमैकात जन्मलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनी 1984 साली 'टेन-एट' या बर्मिंगहॅमच्याच नियतकालिकात याच तऱ्हेच्या स्टुडिओ-चित्रांकडे गांभीर्याने पाहावयास शिकविले. ज्या शहरात भाड्याची खोली मिळविण्यासाठी दारोदार अपमान गिळावा लागे, त्याच शहरात दाम मोजून आपली इभ्रत कागदावर उमटवून घेणे, हे माझ्या मते आत्मसन्मानाचे कृत्य होते.

तथापि स्टुडिओच्या भिंतींबाहेरचे आयुष्य अद्याप अचित्रितच होते. जमैकात 1951 साली जन्मलेल्या वॅनली बर्क यांना, परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या आईने, दहाव्या वाढदिवसानिमित्त एक साधा कोडॅक कॅमेरा धाडला होता; 1965 साली ते स्वतः बर्मिंगहॅमच्या हॅंड्सवर्थ भागात आले, आणि पुढे तेथील लग्ने, प्रार्थनासभा, अंत्ययात्रा आणि डॉमिनोचे डाव त्यांनी वर्षानुवर्षे चित्रित केले. 1970 सालचे त्यांचे एक चित्र सर्वश्रुत आहे: हॅंड्सवर्थच्या उद्यानात एक कृष्णवर्णीय मुलगा सायकल घेऊन उभा आहे, आणि त्या सायकलीला ब्रिटनचा ध्वज लावलेला आहे. इनॉक पॉवेल यांनी याच शहरात स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या भाषणास तेव्हा अवघी दोन वर्षे लोटली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या मुलाच्या निःशंक उभे राहण्याचे मोल कळते.

पुढे 1979 साली डेरेक बिश्टन, ब्रायन होमर आणि जॉन रिअर्डन या तिघा छायाचित्रकारांनी हॅंड्सवर्थच्या ग्रोव्ह लेनवर पदपथावरच पांढरा पडदा टांगला, समोर कॅमेरा ठेवला, आणि त्याला जोडलेल्या लांब केबलची कळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती दिली. पाचशेंहून अधिक माणसांनी, हव्या त्या क्षणी ती कळ दाबून, स्वतःची तसबीर स्वतःच काढली. तसबिरीवरील अधिकाराचे याहून उघड हस्तांतर मला ठाऊक नाही. तरीही एका क्षणाचा निर्णय हाती येणे निराळे आणि आयुष्यभराची संगत निराळी. ज्या छायाचित्रकाराला उद्या त्याच रस्त्यावरून जायचे आहे आणि परवा त्याच कुटुंबाच्या दुःखात सामील व्हायचे आहे, त्याच्या चित्राला शेजारधर्माची जी जबाबदारी लाभते, ती कोणत्याही यंत्रयोजनेने लाभत नाही. बर्क यांच्या कार्याची थोरवी मी तेथे मानतो.

हा विचार केवळ कलेपुरता नाही, याची रुजुवात 2018 साली झाली. बालपणी कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये आलेल्या कॅरिबियन वृद्धांकडे सरकार तेथील दीर्घ वास्तव्याचे कागदोपत्री पुरावे मागत होते, तो अन्याय त्या वर्षी चव्हाट्यावर आला. आणि त्यांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी कार्डे गृहखात्याने 2010 सालीच नष्ट केली होती, हेही उघड झाले. तसबीर कायद्याने रहिवासाचा दाखला ठरत नाही, हे खरे. परंतु डाइच आणि बर्क यांचे संग्रह आज बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जतन केलेले आहेत, आणि राज्यसंस्थेने निष्काळजीपणे गमावलेली स्मृती त्या संग्रहांत नागरिकांनी स्वतःच्या मर्जीने नोंदवून ठेवलेली आहे. म्हणून अशा संग्रहांची राखण हे कलाप्रेमाचे काम असण्यापूर्वी न्यायाचे काम आहे, आणि त्याची जबाबदारी ज्या शहराने या माणसांच्या श्रमांवर आपला संसार चालविला, त्या साऱ्या शहराची आहे.