बारबोझाचा खटला

मोआसिर बारबोझा १९६२ साली मैदानातून बाहेर पडला तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. वास्को द गामा क्लबाबरोबर त्याने रिओची साखळी सहा वेळा जिंकली होती. १९४८ मध्ये सान्तियागोत दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा भरली. वास्कोला शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरणार होती आणि समोर होता तरुण दि स्तेफानोचा रिव्हर प्लेट संघ. सामना ०-० सुटला. पुढच्या वर्षी ब्राझील दक्षिण अमेरिकेचा अजिंक्य संघ ठरला, तेव्हाही गोलात बारबोझाच होता. तो हातमोज्यांशिवाय खेळणाऱ्या पिढीतला गोली. त्या काळातल्या उत्तम गोलरक्षकांची यादी करताना त्याचं नाव वगळणं कोणालाही अवघड जाईल. पण त्याच्यावर जे काही लिहिलं गेलं, त्यात या सगळ्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही. उरलेला सगळा मजकूर एका पावलाबद्दल आहे.

त्या पावलाकडे वळण्याआधी क्लबाबद्दल थोडं. आपल्याला वास्को म्हणजे गोव्यातलं शहर. रिओच्या क्लबाचं नावही त्याच दर्यावर्दीचं, आणि ते पडण्याला हिंदुस्थानच कारण. वास्को द गामा कालिकतला पोचल्याला १८९८ साली चारशे वर्षं झाली, तेव्हा रिओतल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी नौका वल्हवण्याचा क्लब काढला आणि त्याला हे नाव दिलं. फुटबॉल नंतर आला. १९२३ मध्ये या क्लबाने काळे, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे खेळाडू घेऊन रिओचं अजिंक्यपद मिळवलं. बड्या क्लबांना ते रुचलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोने बारा खेळाडू काढून टाकले तरच प्रवेश देऊ, अशी अट घातली. ७ एप्रिल १९२४ रोजी क्लबाच्या अध्यक्षांनी पत्र लिहून ती नाकारली. बारबोझासारख्या काळ्या गोलीची कारकीर्द उभी राहू शकली ती अशा घरात.

१६ जुलै १९५०. माराकाना. तिकीट काढून आलेले १,७३,८५०, प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास. त्या विश्वचषकात नेहमीसारखा अंतिम सामना नव्हता. चार संघांचा शेवटचा गट होता आणि ब्राझीलने त्यात स्वीडनला ७-१, स्पेनला ६-१ असं झोडपलं होतं. उरुग्वेविरुद्ध बरोबरी झाली असती तरी चषक घरातच राहिला असता. (याच स्पर्धेत भारतालाही जागा मिळाली होती. आपला संघ गेला नाही. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेला नाही, ही कहाणी आपण अजून आवडीने सांगतो.) सत्तेचाळिसाव्या मिनिटाला फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. सहासष्टाव्या मिनिटाला उरुग्वेचा उजवा विंगर गिजिया बिगोदला चकवून आत शिरला आणि त्याने चेंडू मधे दिला. स्कियाफिनोने तो जाळ्यात घातला. १-१. अजूनही चषक ब्राझीलचाच होता.

एकोणऐंशीव्या मिनिटाला तोच गिजिया त्याच वाटेने पुन्हा आला. बिगोद पुन्हा मागे पडला. गोलाच्या मधोमध उरुग्वेचे खेळाडू पुन्हा धावत येत होते. बारबोझाने ओळखलं की चेंडू आताही मधेच येणार, आणि तो अडवायला त्याने जवळचा खांब सोडून एक पाऊल टाकलं. गिजियाने खांब आणि गोली यांच्यामधल्या फटीतून चेंडू थेट मारला. बारबोझा उलट उडी घेऊन चेंडूपर्यंत पोचलाही. आपण तो कॉर्नरला ढकलला असंच त्याला वाटलं होतं. मागे वळून पाहिल्यावर चेंडू जाळ्यात दिसला.

जवळच्या खांबाकडून खाल्लेला गोल हा गोलीचाच दोष, हा नियम आपल्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ असतो. मला हा नियम नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे. तो खेळाचा आहे त्याहून जास्त दोषवाटपाचा आहे. बारबोझा खांबाला चिकटून उभा राहिला असता, चेंडू मधे आला असता आणि गोल झाला असता, तर तो बिगोदच्या नावावर लागला असता; मधल्या माणसाला मोकळं सोडणाऱ्या जुवेनालच्या नावावर लागला असता. गोलीकडे कोणी बोट दाखवलं नसतं. म्हणजे स्वतःची अब्रू सांभाळायची तर खांब सोडायचा नाही. गोल वाचवायचा तर जिथून खरा धोका दिसतो तिथे जायचं. त्या दुपारी धोका कुठून येतो हे तेराच मिनिटांपूर्वी सगळ्या मैदानाने पाहिलं होतं. बारबोझाने संघाच्या हिताचा अंदाज बांधला. तो चुकला. पण अंदाज चुकला म्हणजे निर्णय वाईट होता असं नव्हे, आणि हा फरक करायला माणसं सहसा तयार नसतात.

गोली मंडळींना हे पक्कं ठाऊक असतं. इस्रायलमधल्या काही संशोधकांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ २९ टक्के चेंडू मधोमध आले होते आणि जागेवर उभं राहिल्यास ते अडवण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. तरी गोली जागेवर थांबले ते फक्त सहा टक्के वेळा. बाकी वेळी त्यांनी डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतली. कारण उडी मारून गोल खाल्ला तर निदान प्रयत्न दिसतो. उभं राहून खाल्ला तर लोक विचारतात, हा झोपला होता का? थोडक्यात, पगारी गोलरक्षक चेंडू अडवायला शिकतो, तसा आरोप अडवायलाही शिकतो. बारबोझा त्या क्षणापुरता ही दुसरी विद्या विसरला.

आपल्याकडे शारजाचा शेवटचा चेंडू आहेच. १९८६ मध्ये मियांदादने मारलेला तो षटकार चेतन शर्माला कोणी विसरू दिला नाही. पण पुढच्याच वर्षी नागपूरला त्याच चेतन शर्माने न्यूझीलंडच्या तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. गोलंदाजाच्या हातात चेंडू पुन्हा येतो. बारबोझाला त्यानंतर ब्राझीलकडून एकच सामना मिळाला, १९५३ साली. त्याच वर्षी क्लबाच्या सामन्यात त्याचा पाय मोडला. बरा होऊन तो आणखी कितीतरी वर्षं खेळला, पण देशाच्या संघात त्याला परत कोणी घेतलं नाही.

नंतरच्या हकिकती प्रसिद्ध आहेत. दुकानातली एक बाई मुलाला म्हणाली, सगळ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच. १९९३ मध्ये तो राष्ट्रीय संघाला भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला खेळाडूंपर्यंत जाऊ दिलं नाही. आपल्या देशात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी पन्नास भोगतोय, असं तो अखेरीस म्हणत असे. २००० च्या एप्रिलमध्ये तो गेला, तारीख क्लबाच्या त्या पत्राचीच, सात. माराकानाचे जुने लाकडी गोलखांब त्याला मिळाले आणि त्याने ते मांस भाजायच्या चुलीत जाळले, ही कथा तर प्रत्येक लेखकाला हवीहवीशी वाटते. मला ती जरा जास्तच बेतीव वाटते. त्यापेक्षा जोर्जे फुर्तादो आणि आना लुइझा अझेवेदो यांचा १९८८ चा 'बारबोझा' हा लघुपट मला जवळचा वाटतो. त्यात एक माणूस काळात मागे जाऊन बारबोझाला सावध करायला धावतो, आणि नेमक्या त्याच्याच हाकेने गोलीचं लक्ष विचलित होतं. प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात नेणारी इतकी नेमकी कल्पना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पण खापर याच माणसावर का फुटलं? पुढच्या फळीने उरलेल्या अकरा मिनिटांत एक गोल केला असता तर चषक मिळाला असता. त्यांना कोणी जाब विचारला नाही. प्रशिक्षक फ्लाव्हियो कोस्ताला काही वर्षांनी तेच पद पुन्हा मिळालं. त्या अकरांतला बावेर १९५४ च्या विश्वचषकात कर्णधार झाला. पराभव निसटता होता, हे एक कारण. २०१४ मध्ये जर्मनीने ब्राझीलला ७-१ हरवलं तेव्हा गोली जुलिओ सेझारला कोणी आयुष्यभराची शिक्षा दिली नाही. सात गोलांना एक आरोपी पुरत नाही.

दुसरं कारण कातडीचं. बारबोझा, बिगोद आणि जुवेनाल, दोष ज्यांच्यावर आला ते तिघेही काळे. मारियो फिल्यो या क्रीडापत्रकाराने १९४७ साली ब्राझिली फुटबॉलमधल्या काळ्या माणसावर आशेने भरलेलं पुस्तक लिहिलं होतं. १९६४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला या तिघांची गोष्ट घालावी लागली. पण गंमत अशी की त्याच संघातल्या मिश्रवर्णीय झिझिन्योची स्तुती थांबली नाही. पुढे खेळणाऱ्याची प्रतिभा चालत होती. मागे उभं राहून राखणारा, ज्याच्यावर भरवसा टाकायचा, तो माणूस मात्र काळा नको, असा समज मूळ धरून बसला. १९६६ च्या विश्वचषकात मांगा या काळ्या गोलीला एका सामन्यात उभं केलं; पोर्तुगालने ३-१ हरवलं. विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा काळा गोली पुन्हा दिसायला २००६ उजाडलं. दिदाने त्या स्पर्धेत फक्त दोन गोल खाल्ले. त्यातल्या दुसऱ्याने, फ्रान्सच्या आँरीच्या गोलाने, ब्राझील घरी परतलं. या वेळी कोणी गोलीला धरलं नाही. लोकांनी चित्रफीत पुन्हापुन्हा पाहिली आणि तो चेंडू मारला जाण्याआधी गुडघ्यांवर हात ठेवून, मोजे नीट करत वाकलेला रोबेर्तो कार्लोस शोधून काढला.