रक्तातच आहे, असं म्हणण्याआधी



सत्संगानंतर चहा घेताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "त्याच्या रक्तातच आहे ते." बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, वाक्य तेच. नात चिडखोर निघाली की आत्याचं नाव निघतं, नातू अभ्यासात मागे पडला की मामाकडचं घराणं. दत्तक मूल असेल तर बघायलाच नको. दुसरं वाक्यही तयारच असतं, "आईनं वळण लावलं नाही." यातलं खरं कोणतं, असं काहींनी विचारलं आहे. आम्हाला वाटतं, दोन्ही वाक्यं फार घाईची आहेत.

नॉर्वेमध्ये १९३४ साली अस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांकडे एक आई आपली दोन मुलं घेऊन आली. दोघांच्याही बुद्धीची वाढ खुंटलेली, आणि अंगाला एक विचित्र वास. त्या माउलीने आधी कितीतरी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले होते. फोलिंग यांनी मुलांची लघवी तपासली, तेव्हा त्यात नको असलेला एक पदार्थ सापडला. पुढे या आजाराला पीकेयू म्हणू लागले. आपल्या अन्नातल्या प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलनिन नावाचा घटक असतो. या मुलांच्या शरीराला तो नीट मोडता येत नाही, तो रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. दोष जनुकातला, आई आणि वडील दोघांकडून आलेला. ते दोघं स्वतः ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो. म्हणजे अगदी रक्तातलंच! कोणीही म्हणेल, नशिबाचे भोग.

पण १९५० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरांनी अशाच एका लहान मुलीला तो घटक अगदी कमी असलेला आहार दिला, आणि तिच्यात सुधारणा दिसली. मग अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतलं थेंबभर रक्त कागदावर घेऊन तपासण्याची सोपी पद्धत काढली. जन्मानंतर लगेच निदान झालं आणि दूध, डाळ, पनीर, अंडी यांचं कडक माप सांभाळलं, तर तेच मूल चारचौघांसारखं शिकतं, नोकरी करतं. जनुक होतं तेच राहिलं. बदललं ते ताट.

आता यात रक्ताचा वाटा किती आणि ताटाचा किती? पोळी कणकेने झाली की विस्तवाने, असं विचारण्यासारखंच ते.

अर्थात चिडखोरपणा किंवा हुशारी म्हणजे पीकेयू नव्हे. तिथे एक जनुक नसतं, असंख्य असतात, आणि एकेकाचा वाटा चिमूटभर. आत्यावरून नात ओळखता येत नाही ती म्हणूनच.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" हे आपल्याकडे जुनंच आहे. कॅनडात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लाला भरपूर चाटणाऱ्या आईची पिल्लं मोठेपणी कमी घाबरट निघाली. पिल्लांची अदलाबदल केली, तर गुण उतरला वाढवणाऱ्या आईचा. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरंच, पण दत्तक मुलांविषयी बोलताना हे आठवावं.

मात्र म्हणून सगळं आईच्या माथी मारायचं का? पाश्चात्त्य देशांत एकेकाळी मुलाला ऑटिझम असला की आईची माया कमी पडली असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत. १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला. तोवर कित्येक आया तो डाग उरावर घेऊन जगल्या. आपल्याकडे हळदीकुंकवाला गेलेल्या सुनेला असंच काही ऐकवलं जातं, ते वेगळं आहे का?

ज्यांच्या घरी बाळ येणार आहे, त्यांनी टाचेच्या रक्ताच्या तपासणीबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. ती जन्मानंतर थोड्याच दिवसांत करायची असते. आणि ज्यांना फोनवर वाचणं जमत नाही, त्या आजी-आजोबांना हे वाचून दाखवावं, ही विनंती.