नवा हार्मोनिक कुठून येतो?

मिक्सिंगमध्ये आवाज उजळवण्यासाठी वापरले जाणारे एन्हान्सर हे प्लगइन मूळ मुद्रणात नसलेल्या कंपनसंख्या निर्माण करते. इक्वलायझरला हे जमत नाही. जे आहे तेच तो चढवतो किंवा उतरवतो. एखाद्या कंपनसंख्येवर काहीच नसेल, तर कितीही चढवून तिथे काही येत नाही. भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातलेला एक प्रश्न इथे कानांनी तपासता येतो: कार्य कारणात आधीपासून असते, की नव्याने जन्मते? तेल तिळात आधीच असते, हा सांख्यांचा सत्कार्यवाद. घडण्यापूर्वी घट नव्हताच, हा न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद.

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात दिवसा प्रोग्रामिंग करणाऱ्या आणि रात्री वाशी-नेरूळच्या फ्लॅटमध्ये गाणी मिक्स करणाऱ्या माणसाला असे प्लगइन घरी लिहिणे अवघड नाही. फिल्टर लावून साधारण ३००० हर्ट्झच्या वरचा आवाज वेगळा काढायचा, तो एका वक्र सूत्रातून न्यायचा आणि मूळ आवाजात अगदी थोडा मिसळायचा. वक्र दोन्ही बाजूंना सारखा असेल तर विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या विषम पटी, येतात: ३००० हर्ट्झच्या शुद्ध स्वरातून ९००० आणि १५०००. वक्र एकीकडे झुकवला की ६०००सुद्धा येतो. १९७५च्या सुमारास आलेल्या ॲफेक्स ऑरल एक्सायटरचे तत्त्वही मुळात हेच.

आता सांख्यांची बाजू. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतल्या नवव्या कारिकेत पाच कारणे दिली आहेत. त्यांतले एक असे की वाटेल त्यातून वाटेल ते निघत नाही. प्लगइन हा नियम पाळते. ३०००च्या स्वरातून ८००० कधी निघत नाही. पण कोणता हार्मोनिक किती यावा हे मूळ स्वर एकटा ठरवत नाही, वक्रही ठरवतो. तोच स्वर, वक्र बदलला, की कार्य वेगळे. तिळात तेल असते तसा ९०००चा हार्मोनिक मूळ स्वरात होता, असे म्हणणे मग ओढूनताणून होते. इथे नैयायिकांचे पारडे जड आहे.

प्लगइन नीट लिहिले नसेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. ४४,१०० सँपल रेटला २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही मावत नाही. ५००० हर्ट्झचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे २५,०००, परत फिरून १९,१०० वर उमटतो. ५०००शी त्याचे हार्मोनिकाचे नाते उरत नाही. म्हणूनच ओव्हरसँपलिंग, म्हणजे आत तात्पुरता चढा सँपल रेट वापरणे, करावे लागते. त्यात कुचराई करणारे प्लगइन आवाज उजळवत नाही, बिघडवते.

हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला जी जवारी काढतात, ती याच जातीची करामत आहे. घोडीचा किंचित उतरता पृष्ठभाग आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे कंप पावणारी तार घोडीला पुन्हापुन्हा स्पर्श करते. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या हार्मोनिकाचा निश्चल बिंदू असतो तो ऐकू येऊ नये, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम होता. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१च्या निबंधात दाखवले. छेडताना जे तारेत नव्हते ते घोडीवर जन्मले. तरीही तंबोऱ्याला कोणी खोटा म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. नवेपणा म्हणजे असत्य नव्हे. तो आवाज गायकाच्या पाठीशी, त्याच्या पसंतीने आणि त्याच्या कानादेखत उमटतो.

कार्य केवळ भासते, हा अद्वैत्यांचा विवर्तवादही इथे हजर आहे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला ८० हर्ट्झ वाजवता येत नाही. पण प्लगइनने १६०, २४० आणि ३२० निर्माण केले, तर कान ८०चा स्वर ऐकतो. हवेत तो नसतो, अनुभवात मात्र असतो. दोरीवर भासणाऱ्या सापापेक्षा हा भास टिकाऊ आहे, कारण तो कसा होतो हे कळल्यावरही तो जात नाही.

खरी अडचण जुन्या मुद्रणांची. मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची १९०५च्या सुमाराची मुद्रणे भोंग्यातून झाली. भोंग्याने तीन-चार हजार हर्ट्झच्या वरचे फारच थोडे टिपले. त्यावर एन्हान्सर लावला की चकाकी येते, पण ती खाँसाहेबांच्या गळ्याची नसते. शंभर वर्षांनंतरच्या एका सूत्राची असते. मूळ आवाज मोकळा केला असे तिच्याविषयी म्हणणे म्हणजे जन्मलेल्याला प्रकटलेले म्हणणे, आणि तंबोऱ्याच्या बाबतीत असते तशी गायकाची संमतीही इथे नाही. मुद्रणे जपणाऱ्यांनी मूळ प्रत हात न लावता वेगळी ठेवावी आणि उजळवलेल्या प्रतीवर एन्हान्सर वापरल्याचे स्पष्ट लिहावे.