पोटासाठी केलेली दया

आपल्या देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव सर्वांच्या परिचयाचे आहे. देवाकडे वळण्यापूर्वी त्यास नमस्कार करावा, हे आम्हांस लहानपणीच शिकविले गेले. जिवंत कासवासंबंधी आपले काही कर्तव्य आहे काय, हे मात्र कोणी विचारले नाही. गेल्या चैत्रात सभासदांपैकी एक कुटुंब रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे जाऊन आले. त्यांची हकीकत ऐकता ऐकता हा प्रश्न पुढे आला.

वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. तेथील किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांचे तोंड ती कधी पाहत नाही. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, खात आणि विकत. राहिलेली कोल्हीकुत्री फस्त करीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन रक्षणाचे काम आरंभिले. अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपणात तशाच खड्ड्यात पुरावयाची आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर आली की समुद्राच्या वाटेस लावावयाची. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच पंगतीस जेवतात, आणि त्याचे पैसे त्या घरास मिळतात.

हे ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "मग यात पुण्य कसले? हा तर धंदा झाला!"

आम्हांस हे पटत नाही. रक्षण आधी आले, पाहुणे चार वर्षांनी आले, हा क्रम विसरता कामा नये. शिवाय ज्याच्या हातून अंड्यांचे चार पैसे गेले, त्यास भरल्या पोटी दयेचा उपदेश करणे फार सोपे. आमच्या घरची चूल देवपूजेच्या दक्षिणेवरच पेटत आली. म्हणून वडिलांची पूजा खोटी ठरत नाही. (तसे म्हणणारेही भेटतात, ते असो.)

परंतु त्या गृहस्थांच्या शंकेत थोडे तथ्यही आहे. लांबून पैसे मोजून आलेल्या पाहुण्यास पिल्लू आजच पाहावयाचे असते, आणि अंडी आपल्या वेळेने फुटतात. कालचे पिल्लू आजच्या पाहुण्यासाठी टोपलीत अडकवून ठेवले, तर लाटा कापण्यासाठी त्यास मिळालेली ताकद तेथेच खर्ची पडते. पाहुण्याने हौसेने विजेरी पेटविली, तर उजेडाच्या रोखाने चालणारे ते पिल्लू समुद्र सोडून भलतीकडे वळते. पैसे घेतले की नाही, याहून वेळ कोणाची पाळली, हेच आम्हांस विचारावेसे वाटते. आणि हा प्रश्न यजमानाइतकाच पाहुण्यासही लागू आहे.

त्या कुटुंबास पहिल्या दिवशी एकही पिल्लू दिसले नाही. यजमानीणबाईंनी तसे सरळ सांगितले आणि घावनांचे ताट पुढे ठेवले. धाकटा मुलगा हिरमुसून म्हणाला, "कालचे एखादे ठेवायचे होते."

"ठेवायला ती आमची आहेत थोडीच?" बाई म्हणाल्या.

त्यांनी मुक्काम एक दिवस वाढविला. दुसऱ्या दिवशी उजाडता अकरा निघाली.